प्रकल्पाला त्याचा प्रश्न परत द्या

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की बी.एस्सी.च्या प्रकल्पाचं काय झालं आहे ते कळतं. मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी प्रकल्पाची फाइल पेनड्राइव्हवरून येते, पहिल्या पानावरचं नाव आणि वर्ष बदलतं, रंगीत कव्हर लागतं, स्पायरल होतं आणि तासाभरात 'संशोधन' पूर्ण होतं. बहिःस्थ परीक्षक म्हणून वेगवेगळ्या तालुक्यांत गेल्यावर एकच प्रकल्प, तीच आकडेवारी आणि शास्त्रीय नावातली तीच चूक माझ्या हातात आलेली आहे. व्हायव्हाला विचारलं तर मुलं खाली मान घालतात. त्यांना दोष देऊन मला मोकळं होता येत नाही. ज्या मुलीला तीन वर्षांत कुणी एकदाही 'तुला काय शोधायचं आहे?' असं विचारलं नाही, ती शेवटच्या महिन्यात काय शोधणार?

हा प्रकल्प आपल्याला वाचवायचा आहे. नागपुरात आणि नागपूरभोवतीच्या तालुक्यांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या हजारो मुलामुलींसाठी वाचवायचा आहे, आणि त्यासाठी हातात असलेला वेळ फार थोडा आहे.

जीवशास्त्राच्या पदवीत प्रात्यक्षिकं भरपूर असतात. कांद्याच्या मुळाचं टोक ॲसिटोकार्मिनने रंगवून पेशीविभाजन पाहायचं, खोडाचा आडवा छेद घ्यायचा, लाळेतल्या अमायलेजचं काम आयोडीनने तपासायचं, स्पॉटिंगला बरणीतला नमुना ओळखायचा. हात बसायला हे सगळं हवंच. ज्याला छेद नीट घेता येत नाही त्याच्या पुढच्या कामावर भरवसा ठेवता येत नाही. पण या प्रत्येक प्रात्यक्षिकाचं उत्तर आधीच छापलेलं असतं. वेगळं काही दिसलं, तर चूक विद्यार्थ्याची धरली जाते आणि जर्नलमध्ये 'बरोबर' आकृती सीनियरच्या जर्नलवरून उतरते. संशोधनात उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसतं, आणि अपेक्षेबाहेरचा आकडा आला की तिथून खरं काम सुरू होतं. पदवीच्या अभ्यासक्रमात हा अनुभव मिळण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे प्रकल्प. तीच जागा आपण झेरॉक्सच्या दुकानाला देऊन बसलो आहोत.

या प्रकल्पात काय घडू शकतं ते आपल्याच मातीतल्या उदाहरणाने सांगते. नैसर्गिक निवड शिकवताना पुस्तकात मँचेस्टरच्या पतंगाची गोष्ट येते. कारखान्यांच्या धुराने झाडांची खोडं काळवंडली, फिकट पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरू लागले, काळे टिकले. गोष्ट खरी आहे, सुंदरही आहे. पण वर्गात बसलेल्या सावनेर, काटोल, हिंगणघाट, राळेगावच्या मुलांच्या घरच्या कपाशीत हीच गोष्ट त्यांच्या हयातीत घडली आहे. २००२ मध्ये बीटी कापूस आला. २००६ मध्ये दोन विषारी प्रथिनांचा बीजी-२ आला. त्याला दहा वर्षं व्हायच्या आत गुलाबी बोंडअळी दोन्ही विषांना दाद देईनाशी झाली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या कितीतरी शेतांत बोंडं उकलली ती किडकीच. विष पचवण्याची ताकद ज्या थोड्या अळ्यांत होती त्याच जगल्या आणि त्यांचीच वीण वाढली. बिगर-बीटी कपाशीच्या ज्या आश्रय ओळी बांधाकडेने पेरायच्या, त्या बहुतेक ठिकाणी पेरल्याच गेल्या नाहीत. फरदड घेतल्यामुळे अळीला हंगाम संपल्यावरही खायला मिळत राहिलं. डार्विन समजून घ्यायला याहून जवळचा धडा मिळणार नाही. फरदड, डोमकळी, कामगंध सापळा हे शब्द या मुलांना पुस्तकाच्या आधी घरात कळलेले असतात. आणि आपण त्यांना मँचेस्टर पाठ करायला लावतो!

अशाच एखाद्या मुलीने जुलै ते डिसेंबर आपल्या आणि शेजारच्या वावरात कामगंध सापळे लावले, रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहिले, सापळ्यामागे आठ पतंग सलग तीन रात्री आले की फवारणीचा विचार करावा, ही पातळी कोणत्या आठवड्यात ओलांडली जाते ते पाहिलं, दर पंधरवड्याला हिरवी बोंडं चिरून आतल्या अळ्या मोजल्या आणि मागच्या वर्षी फरदड घेतलेल्या व न घेतलेल्या शेतांची तुलना केली, तर तो प्रकल्प झाला. त्याला लागतात काही सापळे, ल्यूर, एक चाकू आणि एक वही. समजा, सापळ्यातले पतंग आणि बोंडांतल्या अळ्या यांचा मेळ बसला नाही. मग ती खऱ्या प्रश्नाशी येऊन पोचली. कामगंध सापळ्यात फक्त नर येतात. नरांच्या संख्येवरून माद्यांनी घातलेल्या अंड्यांचा अंदाज किती बरोबर येईल? पावसाच्या रात्री नर सापळ्याकडे कमी येत असतील का? या प्रश्नांची तयार उत्तरं गाइडमध्ये नाहीत. ती मुलगी आता तिच्या शेतापुरती तरी जगात सगळ्यांपेक्षा जास्त माहिती असलेली व्यक्ती आहे, आणि ही जाणीव एकदा झाली की ती पुढे कुठेही जाऊन उभी राहू शकते.

नागपूरला असं काम नवं नाही. ज्याच्या नावाचं कॉलेज शहरात १८८३ पासून आहे, त्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात टाकळीच्या परिसरातल्या खडकांतून जीवाश्म गोळा केले. रॉबर्ट हंटरसोबत त्याने नागपूर परिसराच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर लिहिलेला दीर्घ निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. नागपूरकडच्या गोड्या पाण्यात त्याला सापडलेल्या एका सूक्ष्म जीवाच्या वसाहतीला एच. जे. कार्टर यांनी १८५८ मध्ये त्याच्याच नावावरून 'हिस्लोपिया' हे नाव दिलं. पाण्यातल्या दगडाला, शिंपल्याला, काडीला चिकटून पातळ थरासारखी ही वसाहत पसरते. आज आपल्या कोणत्या तळ्यांत ती आहे आणि कोणत्या तळ्यांतून नाहीशी झाली, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने भिंग घेऊन शोधायला काय हरकत आहे? पुढे इथल्या शासकीय विज्ञान संस्थेत एम. ए. मोघे आणि ए. गोपालकृष्ण यांनी वटवाघळांच्या प्रजननावर आणि गर्भाच्या वाढीवर काम केलं. वटवाघळांच्या गर्भविज्ञानावर लिहिणाऱ्यांना ही नावं आजही लागतात. त्या कामाचा पाया होता पातळ कापलेले, रंगवलेले छेद, सूक्ष्मदर्शक आणि न कंटाळता पाहणारे डोळे. मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला तो १९५८ मध्ये. विदर्भातल्या किती घरांनी हे दुखणं त्याआधी नुसतं सोसलं असेल!

आणि आजचं नागपूर तर त्या वेळच्या मानाने कितीतरी श्रीमंत आहे. वर्धा रोडच्या बाजूला नीरी आहे, १९५८ पासून पाणी, हवा आणि सांडपाण्यावर काम करणारी. त्याच रोडने पुढे गेलं की केंद्रीय कापूस संशोधन संस्था लागते, १९७६ ची. अमरावती रोडवर विद्यापीठाचा परिसर आहे, आणि त्याच रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. महाराजबागेला लागून १९०६ चं कृषी महाविद्यालय, मिहानमध्ये एम्स. इतक्या संस्था एका शहरात असणं हे भाग्य फार थोड्या गावांना मिळतं. पण बी.एस्सी.च्या किती मुलांनी या फाटकांच्या आत पाऊल ठेवलं आहे? गेली तर एक दिवसाच्या शैक्षणिक भेटीला जातात. सभागृहात एक व्याख्यान, पायऱ्यांवर एक ग्रुप फोटो, नॅकच्या फाइलसाठी एक अहवाल. सामंजस्य करार झालेले असतात, त्यांच्या प्रती प्राचार्यांच्या कपाटात नीट लावलेल्या असतात. करारावर सही झाल्यानंतर त्या वर्षी किती विद्यार्थी तिकडे काम करायला गेले, हा रकाना कुठेच नसतो.

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या विद्यापीठाच्या शताब्दी वर्षात १०८ वी भारतीय विज्ञान काँग्रेस याच अमरावती रोडवर भरली. पाच दिवस शहरात विज्ञानाची जत्रा होती. शाळेच्या गणवेशातली मुलं रांगेने प्रदर्शन पाहत होती आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं कुतूहल खरं होतं. त्याच मुलांपैकी काही आता बारावी ओलांडून आपल्या बी.एस्सी.च्या वर्गांत येत आहेत. त्या पाच दिवसांत पेटलेलं कुतूहल आपण कुठे नेऊन पोचवणार आहोत?

प्रकल्प का खंगला, याची कारणं वर्गात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहेत. मंजूर जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर चालतात. त्यांना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. प्रकल्पाच्या वहीवर घालवलेल्या संध्याकाळचे मिळत नाहीत. लॅब अटेंडंट निवृत्त झाला की त्याची जागाही त्याच्यासोबत जाते, आणि ऑटोक्लेव्ह कुणी लावायचा इथपासून प्रश्न सुरू होतो. सेमिस्टर पद्धतीत एक सत्र संपतं न संपतं तोच परीक्षा, आणि कपाशीचा हंगाम किंवा फुलपाखराचं जीवनचक्र सेमिस्टरचं वेळापत्रक पाळत नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गातली काही मुलं मनाने पुढच्या वर्षीच्या नीटच्या तयारीतच असतात. शिवाय अकरावी-बारावी क्लासशी टाय-अप केलेल्या कॉलेजात काढलेली असेल, तर परीक्षानळी हातात धरायची वेळच आलेली नसते.

डिसेक्शनचं वेगळं सांगायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१४ मध्ये प्राण्यांचं विच्छेदन पदवी आणि पदव्युत्तर प्राणिशास्त्रातून पूर्ण थांबवलं. बेडकांचे जीव वाचले हे योग्यच झालं. त्या निर्णयाच्या बाजूने मी तेव्हाही होते, आजही आहे. पण मोकळ्या झालेल्या त्या तासांत जिवंत बेडूक पाहायला कुणी नेलं का? पहिल्या पावसानंतर डबक्यात अंडी कधी दिसतात, टॅडपोलला पाय फुटायला किती दिवस लागतात, फवारणी झालेल्या शेताजवळच्या डबक्यात तेवढेच दिवस लागतात का, हे मोजणारा अभ्यास त्या तासांत बसला असता. त्याऐवजी भिंतीवर तक्ते आले.

आता नव्या शैक्षणिक धोरणाकडे येते, कारण घाई तिथे आहे. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीत चौथं वर्ष 'संशोधनासह ऑनर्स' असं करता येतं, आणि त्यात संशोधन प्रकल्पाला १२ क्रेडिट आहेत. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. म्हणजे पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला पोचेल. ऐकायला हे फार छान आहे. पण अटी पाहा. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असलेल्यालाच हे वर्ष घेता येईल, आणि ज्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक आहेत, तिथेच ते चालवता येईल. आता नागपूर जिल्ह्यातल्या, भंडारा-गोंदियातल्या, वर्ध्यातल्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग डोळ्यांसमोर आणा. एक कायम प्राध्यापक, तेही निवृत्तीला टेकलेले. तिथल्या मुलीच्या वाट्याला हे चौथं वर्ष कसं येणार? तिच्या हातात उरतो तिसऱ्या वर्षापर्यंतचा प्रकल्प, फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी. ते जर झेरॉक्सवर निघत असतील, तर संशोधनाचा तिचा अनुभव शून्य. आणि तो शून्य घेऊन ती पुण्या-हैदराबादच्या मुलांशेजारी मुलाखतीला बसेल.

गुणांची अट मला वेगळ्या कारणानेही खुपते. पाठांतरात मागे असलेला, पण तासन्‌तास मुंग्यांच्या वारुळापाशी बसू शकणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. मिशिगन विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करून घेण्याचा जो उपक्रम चालतो, त्याचा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षण अर्धवट सुटण्याचं प्रमाण या अनुभवामुळे कमी झालं, आणि सर्वांत ठळक फरक दिसला तो कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमध्ये, म्हणजे ज्यांना विद्यापीठाची वाट सर्वांत अवघड होती त्यांच्यामध्ये. आपल्याकडच्या पहिल्या पिढीतल्या शिकणाऱ्यांना यातून काय मिळू शकेल, ते सांगायला नको.

सगळ्या वर्गाने मिळून संशोधन करता येतं का, अशी शंका येईल. येतं. अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये एक अभ्यासक्रम सुरू केला. पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलं अंगणातली माती आणतात, तिच्यातून जीवाणूंना मारणारा विषाणू, म्हणजे फाज, वेगळा करतात, त्याला आपल्या आवडीचं नाव देतात आणि त्याचा जनुकसंच वाचतात. पिट्सबर्गच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्याकडे विद्यार्थ्यांनी शोधलेल्या अशा हजारो फाजांचा संग्रह झाला. २०१८ मध्ये लंडनमध्ये उपचार घेणाऱ्या एका किशोरवयीन मुलीला कोणतंच प्रतिजैविक लागू पडत नव्हतं, तेव्हा या संग्रहातल्या तीन फाजांचं मिश्रण देऊन डॉक्टरांनी तिचा संसर्ग आटोक्यात आणला. त्या तिघांपैकी 'मडी' नावाचा फाज दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याच्या हाती लागला होता, सडलेल्या वांग्यावर. वांगी आपल्याकडेही सडतात. त्याआधी २०१५ मध्ये फळमाशीच्या एका गुणसूत्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यावर १,०१४ लेखकांची नावं आहेत आणि त्यांतले नऊशेहून अधिक पदवीचे विद्यार्थी. कॉलेजच्या संगणकावर बसून त्यांनी जनुकांची जुळणी तपासली होती. त्यासाठी लागणारी माहिती आणि साधनं इंटरनेटवर फुकट आहेत, नागपुरातही.

आपल्या राज्यातही वाट पाडलेली आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एनआययूएस हा उपक्रम चालवला, सुट्टीतल्या शिबिरांपासून दीर्घ प्रकल्पांपर्यंत. राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ पासून 'आविष्कार' ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा भरते आणि तिथे आपली मुलं उत्तम पोस्टर मांडतात. स्पर्धा हवी. पण विभागातून दोघं-तिघं आविष्कारला गेले म्हणजे विभागाचं कर्तव्य झालं, असं होता कामा नये.

नागपूरभोवती प्रश्न इतके पडलेले आहेत की एकेका कॉलेजने एकेक उचलला तरी संपणार नाहीत. संत्र्याच्या बागांतला डिंक्या कोणत्या उताराच्या, कोणत्या निचऱ्याच्या जमिनीत जास्त आहे? आंबिया बहराची फळगळ आणि पावसाच्या खंडाचा संबंध काय? अंबाझरीत जलपर्णी काढल्यावर पाण्यातले सूक्ष्मजीव किती आठवड्यांत बदलतात? कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या बाजूने शहराकडे येताना झाडांच्या सालींवरची दगडफुलं कुठे दिसू लागतात? नाग नदीच्या सांडपाण्यात निरुपद्रवी जीवाणूंना मारणारे कोणते फाज मिळतात? यातलं काहीही दहा वर्षं, दर वर्षी नव्या तुकडीने त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजलं, तर कोणत्याही राष्ट्रीय संस्थेला हेवा वाटेल अशी नोंद आपल्याकडे तयार होईल. हे काम एकट्या शास्त्रज्ञाला जमत नाही, कारण त्याच्याकडे तेवढे हात नसतात. ते हात आपल्या वर्गांत आहेत.

पालकांच्या मनातला प्रश्न मी टाळणार नाही: याने नोकरी मिळेल का? तर ऐका. औषध कंपनीतल्या क्वालिटी कंट्रोलला, बियाणं कंपनीच्या चाचणी शेताला, पाणी-माती परीक्षणाला, न्यायवैद्यक प्रयोगशाळेला, वन खात्याच्या सर्वेक्षणाला, रोगनिदानाच्या लॅबला जी माणसं लागतात त्यांच्याकडून अपेक्षा एकच असते. दिलेल्या पद्धतीने, कंट्रोल ठेवून, पुन्हा पुन्हा करून, जे दिसलं तेच लिहिणारा माणूस. आणि प्रोजेक्ट असिस्टंटपासून पीएच.डी.च्या प्रवेशापर्यंत कोणत्याही मुलाखतीत 'तुम्ही स्वतः काय केलं?' असं विचारलं जातं. सापळ्यातले पतंग मोजणारी मुलगी त्या प्रश्नावर अर्धा तास बोलू शकते, मोडक्या इंग्रजीत का असेना. पुढे वाट बदलली तरी बिघडत नाही. सीएसआयआरचे महासंचालक झालेले शेखर मांडे यांची नागपूर विद्यापीठातली एम.एस्सी. भौतिकशास्त्रातली आहे. जीवशास्त्रातल्या प्रथिनांच्या रचनेकडे ते नंतर गेले.

म्हणून सहकारी शिक्षकांना माझी पहिली विनंती आहे. यंदा स्पायरल केलेला प्रबंध मागू नका, वही मागा. तारीख घातलेली, खाडाखोड असलेली, चिखलाचे डाग असलेली वही. व्हायव्हा त्या वहीवर घ्या, आणि प्रयोग फसला पण का फसला हे ज्याला सांगता येतं, त्याला भरभरून गुण द्या. अभ्यास मंडळावर असलेल्यांनी मूल्यमापनाच्या नियमात वहीला निम्मे तरी गुण द्यावेत आणि पाचव्या-सहाव्या सत्राचा प्रकल्प एकच, सलग वर्षभराचा करावा. प्राचार्यांनी एवढंच करावं: तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या मानधनात प्रकल्पाचे तास धरावेत आणि रविवारी लॅबची किल्ली कुणाकडे असेल ते ठरवून द्यावं. यातल्या काही गोष्टींना शासनाची मान्यता लागेल. तर ती मिळून मागू या, रिक्त जागांच्या मागणीसोबत मागू या. विद्यापीठाने तालुक्याच्या कॉलेजांसाठी शहरातल्या मान्यताप्राप्त मार्गदर्शकांची सामाईक यादी करावी, म्हणजे कायम प्राध्यापक एकच आहे म्हणून कुणाचं चौथं वर्ष हुकणार नाही.

वर्धा रोड आणि अमरावती रोडवरच्या शास्त्रज्ञांनो, तुम्हाला आम्ही निधी मागत नाही. वर्षाला प्रत्येकी दोन विद्यार्थी घ्या, तालुक्याच्या कॉलेजचे घ्या, आणि आठवड्यातून अर्धा दिवस त्यांना तुमच्या शेजारी उभं राहू द्या. नागपूरच्या बी.एस्सी.च्या बळावर पुण्यात, बंगळूरला, बोस्टनला पोचलेल्या माजी विद्यार्थ्यांनो, रविवारी सकाळी एक तास एका गटाची वही व्हिडिओ कॉलवर पाहून द्या, आणि जमल्यास त्यांच्या बसभाड्याचा, ल्यूरचा, पेट्री डिशचा खर्च उचला. आणि आई-बाबांनो, मुलगी पहाटे शेतात सापळे पाहायला किंवा संध्याकाळी तळ्यावर नमुने घ्यायला निघाली तर तिला अडवू नका. भीती वाटत असेल तर सोबत जा. तिचं काम तुम्हालाही आवडेल.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही कुणाची वाट पाहू नका. इन्स्पायरची उच्च शिक्षण शिष्यवृत्ती मिळत असेल, तर वर्षाच्या ८०,००० रुपयांतले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात हे लक्षात ठेवा आणि मार्गदर्शक आत्ताच शोधायला लागा. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच निघतात, आणि तुमच्या सरांना-मॅडमनाही तिथे अर्ज करता येतो, त्यांनाही सांगा. शिष्यवृत्ती मिळाली नाही तरी काम थांबत नाही. एक जाड वही घ्या. तुमच्या घरापासून चालत पोचता येईल असा एक ओढा, एक बाग, एक वावर किंवा एक झाड निवडा आणि तिथला एक प्रश्न पहिल्या पानावर लिहा. मग दोघं-तिघं मिळून विभागप्रमुखांकडे जा आणि म्हणा, आमचा विषय यादीतून देऊ नका, आम्ही आणला आहे. ते बहुधा आधी चकित होतील, मग खुर्ची पुढे ओढतील. या आठवड्यातच जा. नवं सत्र सुरू झालं की विषयांच्या याद्या लागतात, आणि एकदा यादी लागली की ती बदलून घेणं अवघड जातं.